उताराच्या खडकाळ माळावर २० बाय ४० चं शेड, जागा कशी तयार करायची?

माळरान_खटाव (१० फेब्रुवारी, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचा सव्वा एकराचा माळ आहे, वर वीतभर माती, खाली मुरूम आणि मधनंमधनं काळ्या दगडाची डोकी वर आलेली. पिकाच्या कामाचा नाही म्हणून तिथं शेड टाकायचं ठरवलंय, २० बाय ४० फूट, पाईपचे खांब वर पत्रा, कडबा, कुट्टी मशीन, ट्रॅक्टर, अवजारं एवढ्यासाठी, पुढं जमलं तर निम्म्या भागात जनावरं.

अडचण उताराची आहे. शेड पूर्व-पश्चिम लांब ठेवलं की ऊन आत येत नाही असं ऐकलंय आणि नेमका माळाचा उतार पण पूर्वेकडंच आहे, पाण्याच्या नळीनं लेव्हल घेतली तर ४० फुटात ५ फूट पडतंय. जेसीबीवाला म्हणतो दोन दिवसात सपाट करून देतो, वरचं काढायचं आणि खाली ढकलायचं. वडील म्हणतात खाली ढकललेल्यावर खांब उभा करायचा नाही म्हणजे नाही. आठ दिवस घरात हाच विषय चालू आहे. मृगाच्या आत शेड उभं पाहिजे, कारण कडबा यंदा उघड्यावर ठेवायचा नाही, गेल्या साली निम्मी गंजी भिजून काळी पडली. कुणी असल्या जागेवर काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

आटपाडीकर (१० फेब्रुवारी, रात्री ९:४८)

दादा जेसीबीला अजून हो म्हणू नका. आधी एक सांगा, ती काळी डोकी म्हणजे खालनं सलग आलेला खडक आहे का मुरमात बसलेले सुटे धोंडे? दोन्ही वरनं सारखेच दिसतात. आपल्याकडं काळा दगड कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत आत गोल गोटा शिल्लक राहतो, त्याच्या चारी बाजूला मऊ मुरूम असतो. असल्या गोट्यावर एक खांब आणि शेजारचा मुरमावर, मग एक जागेवर राहतो आणि दुसरा बसतो.

पहार घ्या आणि जिथं जिथं खांब येणार तिथं मारा. सलग खडक असला तर टण् असा खणखणीत आवाज येतो आणि पहार हाताला झिणझिण्या आणते. सुटा धोंडा असला तर आवाज बसका येतो, कडेनं उकरलं की त्याची गोलाई खाली वळताना दिसते. एक दिवस जाईल, पण त्याच्यावरच पुढचं सगळं ठरणार आहे.

कोरेगाव_ऊस (१० फेब्रुवारी, रात्री १०:३०)

खडक लागला तर ट्रॅक्टर कॉम्प्रेसर लावून होल मारा आणि उडवून द्या, विहिरीला करतो तसं. ब्रेकरपेक्षा स्वस्त पडतं.

साईट_कराड (१० फेब्रुवारी, रात्री ११:१५)

सुरुंगाचा विचार सोडा अशी हात जोडून विनंती. पहिलं म्हणजे स्फोटकं परवानाधारक माणसाशिवाय वापरता येत नाहीत. दुसरं, विहिरीत खडक फोडून बाहेर काढायचा असतो, इथं त्याच खडकावर उभं राहायचंय, सुरुंगाच्या हादऱ्यानं खालचा चांगला थर पण तडकतो आणि डोळ्याला दिसत नाही. एखादं डोकं काढायलाच लागलं तर पोकलेनला ब्रेकर लावून काढा, नाहीतर होल मारून त्यात फुगणारी पावडर कालवून भरतात ती वापरा, दिवसभरात खडकाला आपोआप चिरा जातात, धक्का नाही आवाज नाही.

आता मूळ प्रश्न. मी साईटवर काम करतो, असल्या जागा बऱ्याच बघितल्यात, त्यातनं सांगतो. शेडची लांबी उताराच्या दिशेनं ठेवू नका, आडवी फिरवा. तुमचा उतार ८ फुटाला १ फूट आहे. लांबी उताराला ठेवली तर ४० फुटात ५ फूट, निम्मं कापायचं निम्मं भरायचं म्हटलं तरी वरच्या टोकाला अडीच फूट कापणं आणि खालच्या टोकाला अडीच फूट भराव. तेच शेड फिरवून २० फुटाची रुंदी उताराला घेतली तर फरक अडीच फुटाचा राहतो, म्हणजे सव्वा फूट कापणं सव्वा फूट भराव. कापायचा माल पहिल्यात ५०० घनफूट म्हणजे ५ ब्रास, दुसऱ्यात २५० म्हणजे अडीच ब्रास. हे फक्त शेडच्या खालचं, चारी बाजूला चार-पाच फूट मोकळं धरा ते वेगळं. मुरूम असता तर ५ आणि अडीच ब्रासमधला फरक एवढा जाणवला नसता, पण खडकात ब्रेकरचे तास मोजायला लागतात.

उन्हाचं म्हणाल तर फिरवल्यावर लांब बाजू पश्चिमेला येईल हे खरं. पण पश्चिमेची बाजू म्हणजे तुमची डोंगराकडची बाजू, तिकडनंच पावसाळी वारं आणि झड येते. ती बाजू पत्र्यानं बंद करा, वर फूटभर फट सोडा, ऊन पण अडलं आणि झड पण. तोंड पूर्वेला. कडब्याच्या शेडला हे जास्त चांगलं.

आणि वडिलांचं शंभर टक्के ऐका.

पाटणची_लेक (११ फेब्रुवारी, सकाळी ७:२०)

दादा, वडिलांचं बरोबर आहे हे मी नुकसान सोसून सांगतेय. आमचं मोरणा खोऱ्यात आहे, तिथं उतार तुमच्यापेक्षा जास्त आणि पाऊस तर विचारू नका. तीन वर्षांपूर्वी गोठ्यासाठी असंच केलं, मशीनवाल्यानं वरचं कापलं, खाली ढकललं, वरनं बकेटनं थोपटलं आणि दिसायला इतकं सपाट झालं की आम्ही खूश. ठेकेदारानं त्याच्यावरच अडीच फुटाचे खड्डे घेऊन खांब उभे केले. पहिल्या पावसात खालच्या ओळीचे तीन खांब चार-चार इंच बसले, पत्र्याची ओळ वाकडी झाली, नट उपटले, आणि आतली फरशी मधनं फुटली. ठेकेदार म्हणाला पाऊस जास्त झाला. पाऊस तर आमच्याकडं दरसाल तेवढाच असतो.

नंतर खोदून बघितलं तेव्हा कळलं काय झालं होतं. गवत आणि वरची माती न काढता त्याच्यावरच भराव टाकलेला. ते गवत कुजून घसरगुंडी झालेली. शिवाय भरावात मोठे मोठे धोंडे तसेच पडलेले, त्यांच्यामधे पोकळ्या, पाण्याबरोबर बारीक मुरूम त्या पोकळ्यांत उतरत गेला आणि वरची जमीन खाली बसत गेली.

आणि दुसरी गोष्ट, वरच्या बाजूचं पाणी. डोंगर कापला की आतनं पाणी सुटतं. आमच्याकडं दोन खडकांच्या थरांमधे लाल गेरूसारखा मऊ थर आहे, कापलेल्या भिंतीत तो उघडा पडला आणि श्रावणात तिथनं झरा लागल्यासारखं पाणी गोठ्यात यायला लागलं. तुमच्याकडं पाऊस कमी आहे तरी कापल्यावर लाल पट्टा दिसला तर तिथं थांबा आणि पाण्याची सोय आधी करा. जुलै २०२१ मधे आमच्या तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळ्याला दरडी आल्या, त्यानंतर डोंगराचा पाय कापायचा म्हटलं तरी पोटात गोळा येतो. जेवढं कमी कापता येईल तेवढं कमी कापा.

माळरान_खटाव (१३ फेब्रुवारी, रात्री ८:३५)

ताई, इतकं मोकळेपणानं सांगितलंत, वडिलांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आटपाडीकर दादा तुमच्या सांगण्याप्रमाणं काल-आज दोन दिवस पहार मारली. शेड आडवं फिरवून फक्की मारली, दोन ओळी, प्रत्येक ओळीत १० फुटावर ५ खांब, एकूण १०. वरच्या ओळीत चार ठिकाणी अर्ध्या ते एक फुटावर खणखणीत खडक, पाचव्या जागी साडेतीन फुटापर्यंत पहार जाते. खालच्या ओळीत तीन ठिकाणी तीन फुटापर्यंत कडक मुरूम, एका ठिकाणी फुटावर खडक, आणि एका ठिकाणी बसका आवाज, उकरलं तर गोल धोंडा निघाला, म्हशीच्या पाठीएवढा. दिसायला मात्र तोच सगळ्यात मजबूत वाटत होता.

आता जिथं फुटावरच खडक आहे तिथं खड्डा कसा घ्यायचा? फॅब्रिकेशनवाला म्हणतो खडक आहे म्हणजे फुटभर पुरे, खडक कुठं बसणार आहे.

साईट_कराड (१३ फेब्रुवारी, रात्री १०:०५)

धोंडा काढाच. त्याच्या जागी खाली कडक लागेपर्यंत जाऊन काँक्रीट भरा.

फॅब्रिकेशनवाला बसण्याचा विचार करतोय आणि तो बरोबर आहे, खडक बसत नाही. पण पत्र्याचं शेड बसून जात नाही, उडून जातं. वजनच काय असतं त्याचं. वळवात पत्रे कुठल्या कुठं जाऊन पडलेले सगळ्यांनी बघितलेत.

हिशेब मांडतो, तोंडी आहे, पण अंदाज येईल. आपल्या भागाला आयएस ८७५ मधे, म्हणजे इमारतीवर येणाऱ्या भारांच्या भारतीय मानक कोडमधे, वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, तासाला १४० किमी. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे ९१२ न्यूटन प्रति चौरस मीटर, आपल्या भाषेत चौरस मीटरला ९३ किलो. तुमच्या मधल्या खांबाच्या वाट्याला १० बाय १० म्हणजे १०० चौरस फूट छप्पर येतं, ९.३ चौरस मीटर. तेवढ्याच दाबानं वर ओढलं धरलं तर एका खांबाला ८६० किलो वरच्या दिशेनं ओढ. टेकडीच्या चढावर वारं जोर धरतं म्हणून त्याच कोडमधे जागेप्रमाणं वाढवायचा गुणांक आहे, तो १.३६ पर्यंत जातो. आणि तीन बाजू बंद एक बाजू उघडी असं शेड केलं की वारं आत शिरून पत्र्याला आतनं पण ढकलतं. म्हणून मी पश्चिमेच्या पत्र्याला वर फट सोडा म्हणालो, आणि बाकी दोन बाजू पूर्ण बंद करू नका.

आता वजन बघा. २ बाय २ चा ३ फूट खोल काँक्रीटचा ब्लॉक, १२ घनफूट, वजन साधारण ८१५ किलो. म्हणजे वाढीव काही न धरता सुद्धा तो काठावर आहे, मुरमातल्या खांबांना मी साडेतीन फूट घेईन आणि तळ थोडा रुंद ठेवीन. आणि फुटभर खोल घेतला तर? २७० किलो. तो खडकावर नुसता ठेवलेला दगड झाला, वारं आलं की खांबासकट उचलला जाणार.

त्यामुळं खडकाच्या ठिकाणी खोल जाऊ नका, बांधून घ्या. फूटभर खडक मोकळा करा, मऊ पापुद्रा दिसेल तो सगळा काढा, मग जॅकहॅमरनं प्रत्येक खांबाला ४ होल मारा दीड-दोन फूट खोल. होल हवेनं फुंकून अगदी स्वच्छ करा, बहुतेक जण इथंच घाई करतात आणि धूळ राहिली की ग्राउट (सळईभोवती भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण) खडकाला धरत नाही, सळई हातानं फिरते. होल ओलं करून, पाणी काढून, न आकसणारं ग्राउट भरा आणि १६ मिमीची सळई सोडा. सळ्यांचं वरचं टोक काँक्रीटच्या ब्लॉकमधे वाकवून घ्या. खडकाला चिरा असतील तर खोली वाढवा, कारण असल्या ठिकाणी सळई तुटत नाही, सळईभोवतीचा खडकाचा तुकडाच निघून येतो.

हे सगळं एकदा तुमच्या जवळच्या स्ट्रक्चर इंजिनिअरला जागेवर आणून दाखवा. त्याची फी ब्रेकरच्या चार तासांपेक्षा जास्त होणार नाही.

वेल्डिंग_विटा (१४ फेब्रुवारी, दुपारी १:४०)

साहेबांनी पायाचं सांगितलं, मी वरचं सांगतो, शेड उभी करायचाच धंदा आहे.

एक, पाईप थेट काँक्रीटमधे गाडू नका. जमिनीलगत जिथं काँक्रीट संपतं तिथंच पाईप गंजतो, आणि जनावरं ठेवणार असाल तर शेण-मुतानं लवकरच. ब्लॉक जमिनीच्या वर नऊ इंच-फूटभर काढा, त्यात बोल्ट सोडा, त्यावर बेसप्लेट. बोल्ट सोडताना फर्मा करून सोडा, अंदाजानं सोडले की प्लेटची भोकं जुळत नाहीत आणि मग जो तो गॅसनं भोक मोठं करतो.

दोन, सगळी जागा सपाट व्हायलाच पाहिजे असं डोक्यातनं काढा. खांबांच्या शेडचा फायदा तोच आहे. वरची कैची, म्हणजे पत्रा पेलणारा लोखंडी सांगाडा, एका लेव्हलला पाहिजे, खालचा खांब अडीच फूट जास्त लांब झाला तरी काही बिघडत नाही, फक्त लांब खांबाला तिरकी पट्टी जास्त लागते. खांब आधी मूळ जमिनीवर उभे करा, आतला भराव मागनं करा. भराव फक्त चालायला आणि ट्रॅक्टर उभा करायला, त्याच्यावर शेडचा भार नको.

तीन, उतारावर मापं घेताना टेप जमिनीला टेकवून धरू नका. तुमच्या उताराला २० फुटाला जवळपास २ इंचाचा फरक पडतो. टेप आडवी ताणून धरायची आणि खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा. काटकोनासाठी कर्ण बघा, २० बाय ४० ला दोन्ही कर्ण ४४ फूट साडेआठ इंचाच्या किंचित वर आले पाहिजेत आणि सारखे आले पाहिजेत. आम्ही एकदा टेप जमिनीवर टाकून मापं घेतलेली, कैच्या वर चढवल्यावर कळलं, दोन दिवस परत कटिंग वेल्डिंग.

कोरेगाव_ऊस (१४ फेब्रुवारी, दुपारी २:१५)

सुरुंगाचं मागं घेतो. साहेबांचं पटलं.

जतचा_आप्पा (१४ फेब्रुवारी, रात्री ८:५०)

पोरांनो मी वाचतोय सगळं. माझ्या नातवानं टाईप केलंय.

खडक फोडल्यावर जो डबर निघंल तो टाकून देऊ नका, खालच्या अंगाला त्याचीच पौळ घाला, बिनसिमेंटची सुकी दगडी भित. आमच्या माळाला पौळी आमच्या बापाच्या हातच्या हायत, अजून दगड हालला न्हाई. पण पौळ म्हंजे दगड रचणं न्हवं. आधी खाली कडक लागेस्तोवर चर घ्यायचा आन मोठ्यातला मोठा दगड तळाला. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याच्या वर पायजे, अडीच फूट उंच करायची तर तळ दीड फूट तरी धरा. पौळ जरा आत भरावाकडं झुकती ठेवायची, फुटाला दोन बोटं. वरच्या दगडाचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा न्हाई, सांधमोड करायची. आन हर दोन-तीन हातांवर एक लांबट दगड आडवा आत खोलवर जाईल असा घालायचा, त्योच पौळीला भरावात धरून ठेवतो. मागं मातीच लावायची न्हाई, आधी कपच्या, मग बारीक खडा, मग मुरूम. पाणी कपच्यांतनं निघून जातं. सिमेंट लावून भोकं बुजवली की पाणी तुंबतं आन भित फुगती.

तीन फुटाच्या वर मातर सुक्या पौळीवर इस्वास ठेवू नका.

पाटणची_लेक (१४ फेब्रुवारी, रात्री ९:२०)

आप्पांना नमस्कार. एक जोडते, पौळ आणि खालची खांबांची ओळ यात अंतर ठेवा, खांब पौळीला टेकून नको. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कशा पडल्या ते आमच्या घरात अजून सांगतात. पौळ ढासळली तरी शेड उभं राहिलं पाहिजे.

माळरान_खटाव (२ मार्च, रात्री ९:३०)

झालेलं काम सांगतो. इंजिनिअर येऊन गेले, त्यांनी जवळपास हेच सांगितलं, फक्त वरच्या ओळीच्या एका खांबाला खडकाला आडवी चीर होती म्हणून तिथं होलची खोली अडीच फूट करायला लावली.

आधी वरची माती आणि गवत काढून बाजूला ढीग केला, तो शेतात नेऊन टाकला. मग जेसीबीनं मुरूम, मग ब्रेकर. ब्रेकर फक्त ६ तास लागला, लांबी उताराला ठेवली असती तर किती लागला असता देव जाणे. धोंडा काढायला मात्र अर्धा दिवस गेला. भरावाच्या जागी मूळ उताराला फुटाफुटाच्या आडव्या पायऱ्या काढून घेतल्या, म्हणजे भराव घसरायला जागा नाही.

एक प्रश्न, भरावाला जवळच्या विहिरीची काळी माती फुकट मिळतेय, चालेल का?

साईट_कराड (२ मार्च, रात्री ९:५५)

अजिबात नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. तुमचाच कापलेला मुरूम वापरा, मुठीपेक्षा मोठा दगड पौळीला काढून ठेवा. ६ ते ८ इंचाचा थर, पाणी मारायचं, मुरायला द्यायचं, मग रोलर. रोलर चढत नसला तर हातानं ठोकायचं धुम्मस, पण थर मग चार इंचाचा घ्या. दोन फूट एकदम टाकून वरनं कितीही रोलर फिरवला तरी खालचं सैलच राहतं. कमी पडला तर बाहेरनं आणताना रॉयल्टीची पावती असलेला मुरूमच घ्या, नाहीतर तहसीलची गाडी आली की काम अडकतं.

वरच्या बाजूला कापलेल्या भिंतीपासून तीन-चार फूट वर, मूळ जमिनीत, पाणी अडवायला चर घ्या, दोन्ही टोकं शेडच्या बाहेर उताराला काढून द्या. आतल्या जमिनीला पूर्वेकडं १० फुटाला २ इंच उतार ठेवा.

आटपाडीकर (३ मार्च, सकाळी ६:४५)

छपराचं पाणी पण पौळीवर सोडू नका. ५० मिमीचा एक पाऊस झाला तर २० बाय ४० च्या पत्र्यावरनं ३७०० लिटर पाणी उतरतं. पन्हाळी लावा आणि टाकीत घ्या, आमच्याकडं एवढं पाणी म्हणजे दहा-बारा खिलार जनावरांची आठवड्याची सोय आहे.

माळरान_खटाव (१९ एप्रिल, रात्री ८:१०)

खांब उभे राहिले, कैच्या चढल्या. काँक्रीटला गोणपाट गुंडाळून दहा दिवस दिवसातनं तीनदा पाणी मारलं, ऊन लई होतं. कर्ण दोन्ही बाजूनं सारखे आले, विट्याच्या भावांनी सांगितलेलं टेपचं ध्यानात ठेवलं म्हणून. पौळ वडिलांनी आणि मी मिळून घातली, शेजारचे दोघं मदतीला होते, अठरा दिवस लागले. आप्पा, लांबट दगड हर दोन हातांवर घातलाय.

जतचा_आप्पा (२० एप्रिल, संध्याकाळी ७:००)

फोटो बघितला. मधल्या टप्प्यात दोन सांधे एकावर एक आलेत, पन्हाळीच्या पाईपाजवळ. तेवढं उसकून परत घाला.

माळरान_खटाव (२१ एप्रिल, रात्री ९:००)

आज उसकून परत घातलं आप्पा.

माळरान_खटाव (२४ मे, रात्री १०:४०)

काल संध्याकाळी वळवानं झोडपलं. तासभर पाऊस आणि वारं असं की आमच्या वस्तीवरची दोन जुनी छपरं उघडी झाली. मी आणि वडील शेडमधेच उभे होतो, पत्रा वाजत होता पण खांब जागचा हलला नाही. वरच्या चरातनं गढूळ पाणी दोन्ही बाजूला निघून गेलं, आत थेंब नाही. आज सकाळी नळीनं परत लेव्हल घेतली, दहाच्या दहा खांब एप्रिलमधे होते तिथंच. भराव मात्र पूर्वेच्या कोपऱ्यात अर्धा इंच बसलाय, ट्रॅक्टर तिथंच वळतो म्हणून असेल, तिथं मुरूम टाकून परत धुम्मस मारतो. कडबा उद्यापासून आत लावतोय.